कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटीची एकके एकमेकांत कशी बदलायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिस्कॉसिटी म्हणजे द्रवाचा चिकटपणा; तो घनतेने भागला की कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी. तेलाच्या डेटाशीटवर सेंटीस्टोक, यंत्राच्या जुन्या मॅन्युअलमध्ये सेबोल्ट सेकंद, अभियांत्रिकीच्या पुस्तकात चौरस मीटर प्रति सेकंद आणि लॅबच्या रिपोर्टवर सेंटीपॉइज. चारही आकडे एकाच द्रवाचे असू शकतात. यातली काही रूपांतरे नुसत्या गुणाकाराने होतात, काहींना घनता लागते, काहींना सूत्र किंवा तक्ता लागतो आणि काही मुळात रूपांतरेच नसतात. ऑनलाइन कन्व्हर्टर मात्र या सगळ्यांना एकाच यादीत बसवतो आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सेंटीस्टोक आणि चौरस मिलिमीटर प्रति सेकंद यांत फरक किती?

काहीच नाही. १ सेंटीस्टोक म्हणजे तंतोतंत १ चौ. मिमी प्रति सेकंद. रिपोर्टवर एक आणि स्पेसिफिकेशनमध्ये दुसरे असले तरी आकडा जसाच्या तसा उचलायचा. स्टोक हे सेंटीमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीतले एकक. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स (१८१९–१९०३) यांच्या नावावरून आलेले. आंतरराष्ट्रीय एसआय पद्धतीत त्याला जागा नाही, म्हणून मानकांमध्ये आता चौ. मिमी प्रति सेकंद छापतात. बोलताना मात्र सगळे 'सीएसटी'च (सेंटीस्टोकचे लघुरूप cSt) म्हणतात आणि त्यात काही बिघडत नाही.

नुसत्या गुणाकाराने होणारी रूपांतरे एका जागी मिळतील का?

मिळतील. सगळी सेंटीस्टोकमध्ये देतो, कारण कुठल्याही एककातून आधी सेंटीस्टोकमध्ये यायचे आणि तिथून हव्या त्या एककात जायचे, ही सवय सर्वांत सुरक्षित.

- १ स्टोक (१ चौ. सेंमी प्रति सेकंद) = १०० सेंटीस्टोक
- १ चौ. मीटर प्रति सेकंद = १०,००,००० सेंटीस्टोक
- १ चौ. मीटर प्रति तास = २७७.७८ सेंटीस्टोक
- १ चौ. इंच प्रति सेकंद = ६४५.१६ सेंटीस्टोक
- १ चौ. फूट प्रति सेकंद = ९२,९०३.०४ सेंटीस्टोक
- १ चौ. फूट प्रति तास = २५.८०६४ सेंटीस्टोक

चौ. मीटर प्रति तासाचा गुणक सोडला तर बाकीचे सगळे अचूक आहेत, दशांश तोडून जवळपास आणलेले नाहीत; इंच २५.४ मिमीचा ठरवलेला असल्याने त्याचा वर्गही तितकाच पक्का. इथे नेहमी होणारी चूक एकच: लांबीचा गुणक वापरून मोकळे होणे. एकक चौरसाचे आहे, म्हणून फुटातून इंचात जाताना १२ नव्हे, १४४ ने गुणायचे. आणि मीटरमधून मिलिमीटरमध्ये येताना हजाराने नव्हे, दहा लाखाने.

व्हिस्कॉसिटीच्या एककात 'चौरस मीटर' कुठून आले? क्षेत्रफळाचा काय संबंध?

मोजायला गेले तर क्षेत्रफळ कुठेच नाही. डायनॅमिक व्हिस्कॉसिटी म्हणजे द्रवाचा एक थर दुसऱ्यावरून सरकवायला होणारा विरोध. तिचे एकक पास्कल-सेकंद. तिला घनतेने भागले की कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी मिळते; किलोग्रॅम वरून-खालून उडतात आणि उरते चौ. मीटर भागिले सेकंद. उष्णता पदार्थात किती भराभर पसरते हे सांगणाऱ्या राशीचे एककही हेच असते, आणि तो योगायोग नाही: द्रवाच्या एका थराची गती शेजारच्या थरांत किती भराभर पसरते, ते कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी सांगते.

सेंटीपॉइजचे सेंटीस्टोक कसे करायचे?

घनतेने भागून. घनता ग्रॅम प्रति मिलीलीटरमध्ये घेतली तर

सेंटीस्टोक = सेंटीपॉइज ÷ घनता

एवढेच सूत्र. सेंटीपॉइज आणि मिलिपास्कल-सेकंद हे एकच, त्यामुळे तिथे काही बदलायला नको. फिरत्या स्पिंडलच्या व्हिस्कोमीटरने १२० सेंटीपॉइज दाखवले आणि तेलाची घनता ०.८६ असेल, तर १२० ÷ ०.८६ = १३९.५ सेंटीस्टोक. त्याच रीडिंगचे एखादे सरबती द्रावण असेल, घनता १.३, तर ९२.३ सेंटीस्टोक. लॅबच्या पडद्यावर आकडा एकच, पण नळीतून आपल्या वजनाने वाहताना तेल जास्त वेळ घेणार.

दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, घनता किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये दिलेली असते, म्हणजे ८६०, आणि ती तशीच सूत्रात टाकली जाते. उत्तर हजार पटींनी लहान येते, त्यामुळे ही चूक निदान लगेच दिसते. दुसरी चूक दिसत नाही, म्हणून ती जास्त वाईट: व्हिस्कॉसिटी १०० अंश सेल्सियसची आणि घनता १५ अंशांची. डेटाशीटवर घनता बहुधा १५ अंशांनाच दिलेली असते. खनिज तेलाची घनता दर अंशाला साधारण ०.०००६५ ने कमी होते. १५ अंशांना ०.८८० असलेले तेल १०० अंशांना ०.८२५ च्या आसपास येते. जुनीच घनता वापरली तर उत्तरात ६ ते ७ टक्क्यांची चूक राहते. आकडा पटण्यासारखा असतो, म्हणून कुणी शंका घेत नाही.

आणि घनता माहीतच नसेल तर? तर हे रूपांतर होत नाही. जो कन्व्हर्टर घनता न विचारता सेंटीपॉइजचे सेंटीस्टोक करून देतो, त्याने गुपचूप १ धरलेली असते. पाण्याला चालेल.

हवेची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी पाण्यापेक्षा जास्त कशी? टाइपची चूक आहे का?

चूक नाही. २० अंशांना पाण्याची १.००३४ सेंटीस्टोक आणि हवेची सुमारे १५. पाऱ्याची तर जेमतेम ०.११. भागाकारात खाली घनता आहे, हे एवढ्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. हवेचा अंतर्गत विरोध पाण्याच्या पन्नासाव्या हिश्श्याहून थोडा कमीच, पण तिची घनता पाण्याच्या आठशेव्या हिश्श्याहूनही थोडी कमी, म्हणून भागाकार मोठा. पारा पाण्यापेक्षा दीडपट चिकट असूनही साडेतेरा पट जड, म्हणून भागाकार लहान.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. 'जाड' आणि 'पातळ' हे शब्द सेंटीस्टोकवरून वापरायचे तर साधारण सारख्या घनतेच्या द्रवांपुरतेच वापरावेत. दोन तेलांची तुलना ठीक. तेल आणि पारा यांची करायची तर डायनॅमिक व्हिस्कॉसिटी बघावी.

पुस्तकातल्या तक्त्यात पाण्याची व्हिस्कॉसिटी १.००४ आणि एकक चौ. मीटर प्रति सेकंद दिले आहे. हे कसे शक्य?

शक्य नाही. स्तंभाच्या डोक्यावर नीट बघा, तिथे राशीच्या चिन्हापुढे 'गुणिले दहाचा सहावा घात' असे बारीक अक्षरात असेल. अर्थ असा की छापलेला आकडा आधीच दहा लाखाने गुणलेला आहे. खरी किंमत मिळवायला दहा लाखाने भागायचे, म्हणजे ०.०००००१००४ चौ. मीटर प्रति सेकंद. पुष्कळ विद्यार्थी उलटे करतात, पुन्हा गुणतात. ताळा सोपा आहे: खोलीच्या तापमानाला पाणी म्हणजे साधारण १ सेंटीस्टोक. कुठलेही सूत्र, कुठलाही तक्ता, कुठलाही कन्व्हर्टर हाती आला की आधी त्यात पाणी टाकून बघावे.

मग गणितात नेमके कुठले एकक वापरायचे?

रेनॉल्ड्स संख्या (वेग × व्यास ÷ कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी; प्रवाह शांत की खळबळीचा ते सांगणारी) काढायची असेल तर डोळे झाकून चौ. मीटर प्रति सेकंद, आणि वेग व व्यासही मीटरमध्ये. ५० मिमी व्यासाच्या नळीत १ मीटर प्रति सेकंद वेगाने पाणी वाहत असेल तर १ × ०.०५ ÷ ०.०००००१ = ५०,०००; प्रवाह चांगलाच खळबळीचा. त्याच नळीत त्याच वेगाने ४६ सेंटीस्टोकचे हायड्रॉलिक तेल असेल तर उत्तर सुमारे १,०८७, म्हणजे नळीतल्या शांत, थरांच्या प्रवाहासाठी धरतात त्या २,३०० च्या मर्यादेखाली. दाबाच्या घटीचे सूत्रच बदलते. इथे सेंटीस्टोक तसेच टाकले तर रेनॉल्ड्स संख्या ०.००१ सारखी काहीतरी येते.

सेबोल्ट सेकंद म्हणजे काय आणि त्याचे सेंटीस्टोक कसे करतात?

हे एकक नाही, घड्याळाचे रीडिंग आहे. ठरावीक भोकातून ६० मिलीलीटर तेल खाली पडायला जितके सेकंद लागले, तितके सेबोल्ट युनिव्हर्सल सेकंद. अमेरिकी पंप, कॉम्प्रेसर आणि गिअरबॉक्सच्या जुन्या मॅन्युअलमध्ये हेच सापडते.

एका गुणकाने काम भागत नाही, कारण पातळ द्रव भोकातून सुटताना वेळेचा बराच भाग चिकटपणापेक्षा द्रवाला वेग देण्यात जातो. म्हणून सूत्राला दोन पदे असतात:

३२ ते १०० सेकंद: सेंटीस्टोक = ०.२२६ × सेकंद − १९५ ÷ सेकंद

१०० च्या पुढे: सेंटीस्टोक = ०.२२० × सेकंद − १३५ ÷ सेकंद

१०० सेकंदांना दोन्ही सूत्रे २०.६५ देतात, म्हणजे सांधा बरोबर जुळतो. ३२ सेकंदांना पहिले सूत्र १.१४ देते. म्हणजे पाण्यासारखा पातळ द्रवसुद्धा तिशीच्या पुढेच सेकंद घेतो आणि त्याखाली ही मोजपट्टी वापरण्यात अर्थ नाही. जाड तेलाला दुसरे पद नगण्य होते. तिथे वरच्या सूत्रापेक्षा, १०० अंश फॅरनहाइटला मोजलेले सेकंद ४.६३२ ने सरळ भागावेत. ५०० सेकंदांना १०७.९ सेंटीस्टोक मिळतात, सूत्राने १०९.७. वाद असेल तिथे एएसटीएम (अमेरिकी मानकसंस्था) डी २१६१ चे तक्ते अंतिम.

पण मोठी फसगत सूत्रात नाही, तापमानात आहे. जुने सेबोल्ट आकडे १०० अंश फॅरनहाइटचे, म्हणजे ३७.८ अंश सेल्सियसचे. आजचे डेटाशीट ४० अंशांचे. सव्वादोन अंशांनी काय होते, असे वाटेल. नेहमीच्या खनिज हायड्रॉलिक तेलात ४० अंशांना ४६ असलेला आकडा ३७.८ ला ५१ च्या घरात जातो, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त. तेलाच्या ग्रेडची मर्यादाच मध्यबिंदूच्या दोन्हीकडे १० टक्क्यांची असते, हे लक्षात घेतले तर हा फरक सोडून देण्यासारखा नाही.

सेबोल्ट फ्युरॉल नावाचा भाऊबंद जड इंधन तेलासाठी आणि डांबरी तेलासाठी होता. त्याचे भोक मोठे, म्हणून सेकंद साधारण एक दशांश. मॅन्युअलमध्ये 'सेबोल्ट' एवढेच लिहिले असेल आणि तेल जड असेल तर कुठला ते आधी शोधा, नाहीतर उत्तर दहा पटींनी चुकेल.

रेडवुड आणि एंग्लर?

जात तीच. रेडवुड क्रमांक १ ब्रिटिश पद्धतीचा, ५० मिलीलीटरसाठी लागलेले सेकंद; १०० सेकंदांच्या पुढे सेंटीस्टोक = ०.२४७ × सेकंद − ५० ÷ सेकंद. २०० सेकंदांचे ४९.१५ होतात.

एंग्लर अंश जर्मन पद्धतीचे. २०० मिलीलीटर तेलाला लागलेला वेळ भागिले २० अंशांच्या तितक्याच पाण्याला लागलेला वेळ. प्रचलित सूत्र: सेंटीस्टोक = ७.३१ × अंश − ६.३१ ÷ अंश. पाणी टाकून बघायचा ताळा इथे सुरेख जमतो: अंश १ घातला की ७.३१ − ६.३१ = १. पाच अंशांचे ३५.३ सेंटीस्टोक.

रेडवुडचे एक उदाहरण मुद्दाम देतो. जहाजाच्या जड इंधनाला पूर्वी '३५०० सेकंद' म्हणत, आज '३८०' म्हणतात, इंधन तेच. वरचे सूत्र लावले तर ३५०० सेकंदांचे ८६४ सेंटीस्टोक होतात, ३८० नाही. सूत्रही बरोबर आहे आणि नावेही. ३५०० सेकंद १०० अंश फॅरनहाइटला मोजलेले होते, ३८० सेंटीस्टोक ५० अंश सेल्सियसला. एकक बदलल्याने ८६४ झाले, १२ अंशांनी तापवल्यावर ३८०.

रंगाच्या कपातले सेकंद?

तळाला भोक असलेल्या कपातून रंग वाहून जायला लागलेले हे सेकंद. कपाचे नाव, क्रमांक आणि मानक कळल्याशिवाय सेकंदाला काही किंमत नाही. फोर्ड कप ४ साठी सेंटीस्टोक = ३.८५ × (सेकंद − ४.४९). आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानकसंस्था) ४ मिमी कपासाठी १.३७ × सेकंद − २०० ÷ सेकंद. जुन्या डीआयएन (जर्मन मानक) ४ मिमी कपासाठी ४.५७ × सेकंद − ४५२ ÷ सेकंद. तिन्ही '४ नंबरचे' कप. तिन्हींत ३० सेकंद आले तर उत्तरे अनुक्रमे ९८, ३४ आणि १२२. रंग पुरवणारा 'चार नंबरच्या कपात तीस सेकंद ठेवा' म्हणतो तेव्हा पुढचा प्रश्न 'कुणाच्या?' हा असला पाहिजे. शिवाय फोर्ड कप २५ अंशांना, आयएसओ २३ ला, डीआयएन २० ला वापरायची पद्धत आहे.

आयएसओ व्हीजी ४६ किंवा एसएई ४० हे आकडे सेंटीस्टोक आहेत का?

पहिला (औद्योगिक तेलांचा वर्ग) आहे, दुसरा (इंजिन तेलांचा वर्ग) नाही. व्हीजी ४६ म्हणजे ४० अंश सेल्सियसला मध्यबिंदू ४६ सेंटीस्टोक, दोन्हीकडे १० टक्के सूट, म्हणून ४१.४ ते ५०.६ मधले कुठलेही तेल व्हीजी ४६ ठरते. एसएई ४० मधला ४० हा फक्त वर्गाचा क्रमांक आहे. त्या वर्गात बसायला १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक लागतात; एसएई ३० ला ९.३ ते १२.५. '१०डब्ल्यू-४०' सारख्या नावातला डब्ल्यूच्या (विंटर) आधीचा आकडा तर सेंटीस्टोकशी थेट जोडताच येत नाही. त्याच्या थंडीतल्या कसोट्या डायनॅमिक व्हिस्कॉसिटीच्या आहेत. व्हीजी आणि एसएई शेजारी ठेवणारे तक्ते भिंतीवर लावायला चांगले, पण त्यातल्या ओळी अंदाजाच्या आहेत.

४० अंशांचा आकडा आहे, १०० अंशांचा हवा. गुणक काय?

नाही. असा गुणक अस्तित्वातच नाही, कारण हे एककांतर नाही. प्रत्येक तेलाचा उतार वेगळा. दोन तापमानांचे आकडे हाती असतील तर तिसऱ्याचा काढता येतो; त्यासाठी वॉल्थरचे समीकरण आहे: व्हिस्कॉसिटीत ०.७ मिळवून तिच्या लॉगचा लॉग घ्यायचा, तो निरपेक्ष तापमानाच्या लॉगसमोर मांडला की खनिज तेलांना जवळपास सरळ रेषा येते. एकच आकडा आणि व्हिस्कॉसिटी इंडेक्स (तापमानाबरोबर व्हिस्कॉसिटी किती बदलते ते सांगणारा आकडा) असला तरी मार्ग निघतो. नुसता एकच आकडा असेल तर उत्पादकाचे डेटाशीट मागवा.

३२ आणि २२० सेंटीस्टोकचे तेल निम्मेनिम्मे मिसळले तर १२६ होईल ना?

होणार नाही. पातळ तेल मिश्रणाला आपल्याकडे जास्त ओढते. वरचाच लॉगचा लॉग दोन्हींचा काढून सरासरी घेतली आणि परत फिरलो तर ७६ च्या आसपास येते. १२६ धरून टाकी भरली तर मिश्रण फारच पातळ निघेल. प्रत्यक्ष मिसळण्यापूर्वी दोन्ही तेलांतले अॅडिटिव्ह एकमेकांशी जुळतात का, हा वेगळा आणि जास्त महत्त्वाचा प्रश्न.

काचेच्या व्हिस्कोमीटरवर फक्त सेकंद मोजतो आणि थेट सेंटीस्टोक मिळतात. तिथे घनता का लागत नाही?

कारण बारीक नळीतून द्रव आपल्याच वजनाने उतरतो. जास्त घनतेचा द्रव जास्त जोराने ओढला जातो, आणि भागाकारात जी घनता हवी ती अशी मोजमापातच भागली जाते. नळीचा स्थिरांक गुणिले सेकंद, झाले: स्थिरांक ०.१ आणि वेळ ४१२ सेकंद असेल तर ४१.२ सेंटीस्टोक. एएसटीएम डी ४४५ पद्धतीत साधारणपणे २०० सेकंदांपेक्षा कमी वेळ चालत नाही आणि नेहमीच्या तापमानांना बाथ ०.०२ अंशांच्या आत स्थिर ठेवावा लागतो. म्हणूनच तेलाच्या जगात सेंटीस्टोक रुजले आणि फिरते स्पिंडल वापरणाऱ्या रंग, डिंक, रेझिनच्या जगात सेंटीपॉइज. सिलिकॉन तेल मात्र सेंटीस्टोकवरच विकले जाते, बहुधा २५ अंशांच्या.

उत्तर किती दशांशांपर्यंत लिहावे?

मोजमापात जेवढे अर्थपूर्ण अंक होते तेवढेच. चांगल्या काचेच्या व्हिस्कोमीटरचे चार अंक लिहिता येतात. कपातून आलेल्या आकड्याला दोनच शोभतात. फोर्ड कपाच्या ३० सेकंदांचे '९८.२१३५ सेंटीस्टोक' लिहिणे म्हणजे कॅल्क्युलेटरची हौस.

ग्रीस, टोमॅटो केचप, जाड रंग यांचे काय?

ढवळण्याच्या वेगाबरोबर ज्यांची व्हिस्कॉसिटी बदलते, त्यांना एकच सेंटीस्टोक आकडा देता येत नाही. तिथे सेंटीपॉइज, आणि सोबत स्पिंडल, फेरे व तापमान लिहितात. घनतेने भागून सेंटीस्टोक करण्यात काही हशील नाही. ग्रीसचा कडकपणा तर शंकू किती खोल रुततो त्यावरून ठरवतात: एनएलजीआय २ (ग्रीसच्या कडकपणाचा एक वर्ग) म्हणजे २६५ ते २९५, मिलिमीटरच्या दशांशांत. मग ग्रीसच्या डेटाशीटवर '१५० सेंटीस्टोक, ४० अंश' असे का छापलेले असते? तो आकडा ग्रीसचा नसतो, त्याच्या आतल्या बेस ऑइलचा असतो.